मुलीच्या भरपाईच्या तडजोडीवर सही कोणी करावी?

प्रश्न : माझ्या यजमानांचे दोन वर्षांपूर्वी रस्ता अपघातात निधन झाले. मडगावच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील दाव्यात मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी अर्जदार आहोत. विमा कंपनी लोकअदालतीत तडजोडीस तयार आहे. मुलीसाठी दिरांना पालक नेमावे, तिचे पैसे त्यांच्या खात्यात ठेवावेत आणि चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) प्रकरण मिटवावे, असे घरची वडीलधारी मंडळी म्हणतात. मी काय करावे?
– एक वाचक, केपे

उत्तर : आपण हयात असताना केवळ या दाव्यासाठी दिरांना पालक नेमून घेण्याचे कारण मला दिसत नाही. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, मुलाच्या वतीने दावा चालवणाऱ्याला कायद्यात वादमित्र म्हणतात. ती व्यक्ती सज्ञान व मानसिकदृष्ट्या सक्षम असावी आणि तिचे हितसंबंध मुलाच्या हिताविरुद्ध नसावेत, अशी अट आहे. आई ही भूमिका नेहमीच पार पाडते.

मात्र आपल्या सहीनेही तडजोड पुरी होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 32, नियम 7 अन्वये अज्ञानाच्या वतीने तडजोड करण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. तडजोड मुलाच्या हिताची आहे असे वादमित्राचे प्रतिज्ञापत्र आणि वकील असल्यास त्यांचा तसा दाखला अर्जासोबत जोडावा लागतो. ही परवानगी म्हणजे केवळ कागदी उपचार, असे आपल्याला कोणी सांगितले तरी ते मानू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे कमी रकमेवर सही झाली तर ती चूक सुधारणे फार अवघड होते. चवथीची घाई करू नये, असे मी कळकळीने सांगते.

आपल्या प्रश्नातील सर्वांत नाजूक भाग पैशांचा आहे. एकाच रकमेत आपलाही वाटा आहे आणि मुलीचाही. म्हणून मुलीचा वाटा तडजोडीच्या मसुद्यातच आकड्यात, स्वतंत्रपणे लिहून घ्यावा. ती रक्कम दिरांच्याच काय, आपल्याही खात्यात जाऊ नये. केरळच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मार्गदर्शनानुसार अज्ञानाचा वाटा निदान ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत गुंतवला जातो. शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी रक्कम हवी असल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि नियतकालिक व्याज थेट पालकाला मिळण्याची तरतूदही आदेशात मागून घेता येते.

न्यायालयाने पालक नेमला तर पैसे मुलगी 21 वर्षांची होईपर्यंत अडकतात, अशी समजूत अजून ऐकू येते. पूर्वी तसा नियम होता. 1999 च्या दुरुस्तीनंतर सज्ञान होण्याचे वय सर्वांसाठी 18 आहे.

यजमानांच्या नावे घर किंवा जमीन असेल तर ती बाब वेगळी. गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्याखाली तिची स्वतंत्र कार्यवाही होते आणि ती या तडजोडीत मिसळू देऊ नये.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रियांना व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मडगावला दक्षिण गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून सहीपूर्वी मसुदा त्या वकिलांना दाखवा, आणि निवाड्यानंतर त्याची प्रमाणित प्रत व मुलीच्या नावाची ठेव पावती स्वतःकडे ठेवा.