क्वार्टरबॅक बदला हो, पण पोरांना नीट सांगा तरी

तुमचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये सेंटर खेळतो (बॉल मागे देऊन, म्हणजे स्नॅप करून, खेळ सुरू करणारा), सीझनच्या मधेच कोचने सीनियर (शेवटच्या वर्षाच्या) क्वार्टरबॅकला, म्हणजे तो बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्याला, बसवून सोफोमोर (दुसऱ्या वर्षाच्या) पोराला आणलं आणि आता अर्धी टीम उरलेल्या अर्ध्या टीमशी बोलत नाही... तुमची पोस्ट वाचताना वाटलं आमचीच गोष्ट चाललीय. आमचाही सेंटरच, न्यू जर्सीत. (मी कोच नाही, नुसता बाप आहे, त्या हिशोबाने घ्या.)

माझं मत विचाराल तर बदलाने टीम फुटत नाही, अर्धवटपणाने फुटते. २००१ मध्ये एनएफएल या प्रोफेशनल लीगमधल्या पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्लेडसो जखमी झाला, ब्रेडी आला, आणि ब्लेडसो बरा झाल्यावरही कोच बेलिचिकने ब्रेडीलाच ठेवलं, विषय संपला. झोंबलं असणारच, पण पिट्सबर्गला ब्रेडीचा घोटा दुखावला तेव्हा त्याच ब्लेडसोने येऊन टचडाउनचा (गुण मिळवून देणारा) पास फेकला. याउलट २०१७ चे आमचे न्यूयॉर्क जायंट्स. क्वार्टरबॅक एली मॅनिंगच्या स्टार्टर म्हणून सलग २१० मॅचेस झालेल्या, त्याला म्हणे सुरुवात तू कर, रेकॉर्ड टिकेल, मग दुसऱ्याला आणू. तो नाही म्हणाला. जीनो स्मिथ खेळला, ओकलंडला हरले, दुसऱ्याच दिवशी कोच आणि जनरल मॅनेजर दोघंही घरी.

आमच्या पोराच्या टीममध्ये एक सिरीज (बॉल आपल्याकडे असतानाची पाळी) हा क्वार्टरबॅक, एक सिरीज तो. एक 'हट' (स्नॅपचा इशारा) लांबवायचा, दुसरा झटकन म्हणायचा, मग लाइनमधलं कुणीतरी आधीच हलणार, फॉल्स स्टार्टची पेनल्टी, पाच यार्ड मागे, आणि बाकड्यावर लगेच "याच्यामुळे झालं" सुरू. त्यात एक डावखुरा, म्हणजे त्याची न दिसणारी बाजू सांभाळायचं काम एकदम राइट टॅकलवर (लाइनमधला उजवीकडचा खेळाडू).

पण खरा मनस्ताप शाळेच्या अ‍ॅथलेटिक्स ऑफिसने दिला. मॅचनंतर २४ तास ईमेल करायची नाही, ठीक आहे, थांबलो. तर उत्तर काय, "प्लेइंग टाइमबद्दल पालकांशी चर्चा करत नाही." अहो, माझा पोरगा प्रत्येक स्नॅपला मैदानात होता! माझं म्हणणं एवढंच की स्टार्टर कोण ते पोरांना आठवड्याच्या सुरुवातीला तोंडाने सांगा, शुक्रवारी मॅचच्या वॉर्मअपमध्ये कळू देऊ नका. परत तेच कॉपी-पेस्ट उत्तर, आणि खाली देणगीची लिंक!

म्हणून तुम्ही ईमेलच्या भानगडीत पडूच नका. मुलाला स्वतः कोचकडे जाऊ दे, आणि "हाच का?" असं न विचारता "या आठवड्यात कोणाच्या 'हट'वर प्रॅक्टिस करू?" असं विचारू दे. बसवलेल्या पोरालाही प्रॅक्टिसनंतर चार स्नॅप द्यायला सांगा, बाकीचे बघत असतात. गुरुवारच्या टीमच्या पास्ता डिनरला त्याच्या आईवडिलांशेजारी मुद्दाम जाऊन बसा, कारण आमच्याकडे पोरांच्या आधी स्टँडमधले पालक फुटले होते आणि घरी कारमध्ये जे बोललं जातं तेच दुसऱ्या दिवशी लॉकर रूममध्ये पोचतं. प्रत्येक कोच वेगळा, तुमच्याकडे हे चालेलच असं नाही.

आणि हो, सीनियरला डोक्याला मार लागल्यामुळे बसवलं असेल तर यातलं काहीच करू नका, डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय कोचला त्याला खेळवताच येत नाही.