आधी सहा महिन्यांचं ठरव

बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. सोबत पाठवलेला डायरीच्या पानाचा फोटोही मोठा करून नीट पाहिला. वर 'माझी ध्येयं' असं लिहिलंयस आणि खाली अकरा ओळी. एमपीएससी, बँकेची पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर), एमबीए सीईटी, डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स, जर्मन भाषा, स्वतःचं घर, आईबाबांना काश्मीर, वजन कमी करणं... आणि सगळ्यात शेवटी 'स्वतःला ओळखणं'. एकाही ओळीपुढे तारीख नाही. आणि तू विचारतेयस, "बाई, यातलं माझं खरं ध्येय कोणतं, ते कसं ओळखायचं?"

हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. चोविसाव्या वर्षी अख्ख्या जन्माचं ध्येय बसल्या जागी विचार करून सापडत नाही. ते सापडत नाही म्हणून तुझ्यात काही कमी आहे, असं तर मुळीच नाही. तू फक्त येत्या सहा महिन्यांचं ठरव. अभ्यासिकेत इतकी मुलं आली आणि गेली. आधी दिशा लख्ख दिसली आणि मग कामाला लागली, अशी त्यांत फार थोडी. बहुतेकांनी काहीतरी एक धरलं, त्यात मान मोडून काम केलं आणि मग त्यांना कळलं, हे आपलं आहे की नाही. नुसता विचार करत बसलेल्यांना मात्र दोन वर्षांनीही तेच प्रश्न पडलेले होते.

तू ज्या रीलबद्दल लिहिलंयस, त्याविषयी आधी सांगते. १९५३ साली येल विद्यापीठातल्या ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली, ते वीस वर्षांनी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त श्रीमंत निघाले, ही ती गोष्ट. ती खूप वर्षं भाषणांतून आणि पुस्तकांतून फिरते आहे, पण असा अभ्यास झाल्याचा पुरावा शोधणाऱ्यांना कधी मिळाला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ती ऐकून तू अकरा ओळी लिहिल्यास आणि वर्षभरात काहीच हललं नाही म्हणून स्वतःलाच बोल लावतेयस. चूक तुझ्या जिद्दीत नाही. नुसतं लिहून काही होत नाही, एवढंच.

खरं संशोधन यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली आपली मांडणी केली आणि पुढे गॅरी लॅथम यांच्याबरोबर कित्येक वर्षं त्यावर काम केलं. त्यांना पुन्हा पुन्हा असं आढळलं की 'जमेल तेवढं कर' असं सांगितलेल्या माणसांपेक्षा, ज्यांच्यापुढे नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट ठेवलं होतं, त्यांचं काम चांगलं होतं. एवढं बहुतेक जण सांगतात. त्यापुढचा भाग कुणी सांगत नाही, आणि तुला गरज त्याचीच आहे. काम नवं असेल, गुंतागुंतीचं असेल आणि ते कसं करायचं हेच अजून माहीत नसेल, तर निकालाचं उद्दिष्ट उलट अडचणीचं ठरतं. तिथे आधी शिकण्याचं उद्दिष्ट ठेवावं लागतं. 'पीओ व्हायचं' हे निकालाचं झालं. 'टक्केवारी, नफा-तोटा आणि डेटा इंटरप्रिटेशन (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न) यांत मी नेमकी कुठे अडकते ते शोधून काढायचं, आणि प्रत्येकासाठी वेळेत बसणारी एक रीत हाताखालून घालायची' हे शिकण्याचं. दुसऱ्या प्रकारचं वाक्य वाचलं की सकाळी उठून काय करायचं ते कळतं. पहिलं वाचून नुसती धडधड वाढते.

आता तुझा वेळ मोजू. तू लिहिलंयस की सव्वाआठला कन्नमवार नगरातून निघतेस, करी रोडला उतरतेस, आणि घरी यायला आठ वाजतात. आल्यावर आईला मदत, जेवण, भांडी. रात्री तुझ्याच्याने अभ्यास होत नाही, हे तू प्रामाणिकपणे कबूल केलंस ते फार बरं झालं; म्हणजे रात्र आपण हिशेबात धरायचीच नाही. सकाळी पावणेसहा ते सव्वासात, दीड तास. पाच दिवसांचे साडेसात. शनिवार आणि रविवार चार-चार तास. आठवड्याचे झाले साडेपंधरा. सहा महिन्यांचे सव्वीस आठवडे, त्यातून गणपती, दिवाळी, मावसभावाचं लग्न आणि एखादा ताप मिळून चार आठवडे सरळ वजा कर. उरले साधारण तीनशेचाळीस तास. एवढंच भांडवल आहे. अकरा गोष्टींत वाटलंस तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम तीस तास येतात. तीस तासांत जर्मनही येत नाही आणि एमपीएससीही होत नाही. यालाच आपल्याकडे 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणतात.

तुला वाटतं की तीन स्पर्धा परीक्षा एकदम केल्या तर अभ्यास सारखाच आहे, कुठेतरी लागेलच. वरवर पाहता सारखा आहे. पण बँकेच्या पूर्वपरीक्षेत साठ मिनिटांत शंभर प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद, आणि चुकलं की पाव गुण जातो. तिथे प्रश्न सोडून देता आला पाहिजे. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणजे तिथे काहीही सोडायचं नसतं. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. तिथे हाताने पानंच्या पानं लिहायची, मुद्दा बांधायचा, तोही वेळेत. हात, डोकं आणि सवय, तिन्हींना तीन वेगळी वळणं लागतात. ज्यांना दिवसाचे दहा तास मिळतात ते कदाचित दोन सांभाळतील. तुला दीड मिळतो.

मग निवडायचं कसं? माझं मत विचारशील तर आत्ता बँक. तुझं बी.कॉम. आहे, आकड्यांची भीती नाही आणि परीक्षा दरवर्षी होते. शिवाय पीओची वयोमर्यादा खुल्या गटाला तीस आहे आणि एमपीएससीची अडतीस. जे दार आधी बंद होतं तिथे आधी जावं. पण हे माझं मत झालं. तुला दुसरं काही धरावंसं वाटलं तर ते धर, फक्त एकच धर. उरलेल्या दहा ओळी खोडू नकोस. डायरीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेव आणि वर तारीख घाल, की या दिवसापर्यंत यांच्याकडे बघणार नाही. काही मुलांना सोडलेल्या गोष्टींचाच घोर लागतो. अशी लिहून ठेवली की तो बराच हलका होतो.

हे सांगताना मला बाबासाहेबांची १९१७ ते १९२० ही वर्षं आठवतात. परळची बीआयटी चाळ तुझ्या ऑफिसपासून काही लांब नाही, तिथे ते राहत होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेले, तिथून १९१६ला लंडनला. १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन ते पुरं करण्याची परवानगी दिली होती. इथे आल्यावर बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसावे लागले, राहायला जागा मिळेना, मुंबईला परतावं लागलं. १९१८च्या नोव्हेंबरात सिडनॅहम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातून त्यांनी पैसे साठवले, कमी पडले तिथे शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी हात दिला, आणि चार वर्षं उलटायच्या आत, १९२०मध्ये, ते पुन्हा लंडनला पोचले. १९२१ला एम.एस्सी., १९२३ला डी.एस्सी. आपण त्यांच्या पदव्यांची यादी वाचतो आणि दिपून जातो. मला मात्र ही मधली तीन वर्षं जास्त शिकवतात. समोर एक मुदत होती आणि एक रक्कम. रोजच्या नोकरीला अर्थ होता तो त्या दोन गोष्टींमुळे. मोठी दिशा मनात असली तरी मंगळवारी सकाळी माणसाला असंच काहीतरी मोजता येणारं लागतं.

मंगळवार सकाळवरून आठवलं. जर्मनीत काम केलेले पीटर गोलवित्झर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी दाखवून दिलं की 'मी अभ्यास करीन' एवढं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं वेळ-जागेसकट आधी ठरवलं, तर ते हातून घडण्याची शक्यता चांगलीच वाढते. कारण ऐन वेळी पुन्हा मनाशी वाद घालावा लागत नाही. तुझ्यासाठी अशी वाक्यं मी थोडी करून देते, पुढची तू कर. बाबांचा चहा उकळायला ठेवला की मी वही उघडीन. विक्रोळीला गाडीत चढले की, बसायला मिळो न मिळो, कुर्ला येईपर्यंत कालच्या चुकांची यादी वाचीन. कुर्ल्याला गर्दी घुसली की फोन पर्समध्ये. रविवारी मेगाब्लॉक असेल तर अभ्यासिकेत न येता पेपर घरीच लावीन. पावसात कुर्ला-सायनला पाणी भरून ऑफिसला सुट्टी मिळाली, तर त्या दिवशी दुपारी एक पूर्ण पेपर सोडवीन. यातलं शेवटचं तुला फार बारीकसारीक वाटेल. पण दर पावसाळ्यात अशा दिवसांनी मुलांचा अभ्यास आठवडाभर विस्कटतो, हे मी पाहत आले आहे.

चुकांच्या यादीबद्दल जरा. एक दोनशे पानी वही कर, डाव्या पानावर चुकलेला प्रश्न, उजव्या पानावर का चुकला ते एका ओळीत. 'घाई' असं लिहू नकोस, ते काहीच सांगत नाही. 'गुणोत्तर उलटं धरलं', 'पर्याय चार वाचलाच नाही' असं लिही. महिन्याभरात तुझ्या लक्षात येईल की चुका दिसतात शंभर, पण कारणं सात-आठच असतात. माणसाला स्वतःची ओळख अशीही होते, म्हणून ती शेवटची ओळ मला खोडावीशी वाटत नाही.

घरच्या विषयावर तू एकच वाक्य लिहिलंस, "बाबा आता स्थळांचं बोलायला लागलेत." त्या एका वाक्याचं ओझं बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे, हे मला कळतं. वाद घालू नकोस आणि गप्पही बसू नकोस. "अजून काही वर्षं थांबा" म्हटलं की आईवडिलांना ती टाळाटाळ वाटते. त्याऐवजी वही समोर ठेवून सांग, "बाबा, ही परीक्षा, हा रोजचा वेळ, या तारखेपर्यंत मला कुणाला दाखवू नका. त्या दिवशी आपण बसून बोलू, निकाल काहीही असो." तुझे बाबा शब्दाला जागणारे आहेत, तारीख दिलीस तर ते पाळतील असा मला भरवसा वाटतो. आणि सकाळचा दीड तास घरात सगळ्यांना माहीत असला, तर त्या वेळात तुला दूध आणायला कुणी पिटाळणार नाही.

आणखी एक गोष्ट आजच ठरवून ठेव, पुढे जड जाईल. सहा महिन्यांनी काय दिसलं तर पुढे चालू ठेवायचं आणि काय दिसलं तर सोडायचं? गुण हा एक निकष आहेच. सराव पेपरातले पहिल्या महिन्याचे आणि सहाव्या महिन्याचे गुण शेजारी ठेव. पण दुसराही ठेव. ठरवलेल्या सकाळींपैकी किती सकाळी तू खरंच बसलीस? गुण वाढले नाहीत पण बसणं टिकलं, तर रीत बदलायची आणि आणखी सहा महिने द्यायचे. बसणंच झालं नाही, दर वेळी मन उठून दुसरीकडे गेलं, तर ते कुठे गेलं ते बघ आणि लाज न धरता तिकडे वळ. एमपीएससीच्या नादात तिशी ओलांडलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यात हुशारी होती, कष्ट होते. थांबायची खूण मात्र त्यांनी आधी कधी ठरवली नव्हती, आणि मग दर वर्षी 'आता फक्त एकदा' होत गेलं. तुझं तसं व्हावं असं मला अजिबात वाटत नाही.

या रविवारपर्यंत एक कागद पाठव. त्यावर एक परीक्षा, एक तारीख, चार 'झालं की' वाक्यं आणि सोडायची खूण, एवढंच हवं. पहिला सराव पेपर कसाही गेला तरी गुणांसकट कळव. कमी आले तर बरंच आहे, कुठून सुरुवात करायची ते कळेल. शनिवारी दुपारी चारनंतर मी अभ्यासिकेतच असते. वही घेऊन ये, पहिल्या वीस चुका आपण दोघी मिळून लिहू.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझ्या,
बाई