दिवा पाहिल्याशिवाय बोलू नकोस

नागपूर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, समोरचा चहा तसाच गार होऊ दिलास आणि निघताना दारात थांबून विचारलेस, "काकू, टेबलावरचा फोन वापरणेच सोडून देऊ का? सगळे मोबाइलवरूनच करते." घरात पाहुणे होते, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही; पण रात्री अंथरुणावर पडल्यावरही तुझा तो प्रश्न डोक्यातून जाईना. तुला कामाची चाड आहे आणि झालेली चूक कबूल करण्याची धमक आहे, हे मी जाणते. त्यामुळे धीराचे शब्द लिहीत बसत नाही, सरळ मुद्द्यावर येते.

आधी तुझ्या हातून नेमके काय घडले ते समजून घे, कारण "फोनने दगा दिला" हे तुझे म्हणणे मला पटलेले नाही. पुरवठादार स्पीकरवर बोलत होता. शेजारच्या मुलाने तुला काही विचारले, तेव्हा तू म्यूट दाबलेस आणि "यांना हिशेब कळतच नाही" असे म्हणालीस. म्यूट तू पाच मिनिटांपूर्वीच लावून ठेवले होतेस आणि ते तू विसरली होतीस. ती कळ एकच असते. पहिल्यांदा दाबली की आपला आवाज बंद होतो, दुसऱ्यांदा दाबली की पुन्हा सुरू होतो. बोटाला दोन्ही वेळा सारखेच लागते. आवाज बंद आहे की चालू, हे फक्त त्या कळीवरच्या लाल दिव्यावरून किंवा पडद्यावरच्या काट मारलेल्या माइकवरून कळते, आणि तू तिकडे पाहिलेच नाहीस. फोन हा सांगकाम्या आहे. आपल्या मनात काय होते ते त्याला कळत नाही, आपण काय दाबले तेवढेच कळते. सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात 31 वर्षे टेलिफोनचा बोर्ड सांभाळून मी एक नियम शिकले, तो तुला देते: दिवा पाहिल्याशिवाय बोलू नये, आणि दिवा पाहिल्याशिवाय जागेवरून उठू नये.

होल्ड आणि म्यूट यांत तुझ्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाचा गोंधळ होतो. म्यूटमध्ये पलीकडच्याला तू ऐकू येत नाहीस, पण तुला तो ऐकू येत राहतो. होल्डमध्ये दोघांनाही एकमेकांचे ऐकू येत नाही, पलीकडे बहुधा संगीत वाजते आणि तुझ्याकडे त्या लाइनचा दिवा लुकलुकत राहतो. शेजाऱ्याशी बोलायचे असेल किंवा फाइल काढायला उठायचे असेल, तर होल्डच वापर, आणि त्याआधी "एक मिनिट थांबता का?" असे विचारून पलीकडच्याचा होकार ऐक. कॉन्फरन्समध्ये मात्र याच्या उलट वाग. तिथे तू होल्ड दाबलेस तर तुमच्या यंत्रणेचे संगीत बैठकीतल्या सगळ्यांच्या कानांत वाजू लागते आणि तू परत येईपर्यंत कोणालाच बोलता येत नाही. म्हणून तिथे म्यूट. स्पीकर लावायचा असेल तर बटण दाबण्यापूर्वी सांग, आणि खोलीत कोण कोण बसले आहे तेही सांग. समोरच्याला आपण एकट्या तुझ्याशी बोलतो आहोत असे वाटत असताना चार जण ऐकत असतील, तर मी त्याला फसवणूकच म्हणेन.

आता माझे ऐक. ही गोष्ट मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेली नाही.

1996 सालचा डिसेंबर होता. हिवाळी अधिवेशन चालू होते, मुंबईहून दिवसभर फोन येत होते आणि जेवणाचा डबाही संध्याकाळी पाचला उघडावा लागत होता. त्या काळी एसटीडी, म्हणजे परगावी थेट फोन लावणे, महाग होते. रात्री दर उतरत, म्हणून लोक पिवळ्या पाटीच्या पीसीओवर, म्हणजे सार्वजनिक फोनच्या दुकानावर, जेवणानंतर रांगा लावत. आमच्या कार्यालयात एसटीडीची मुभा मोजक्या एक्स्टेन्शनांना, म्हणजे टेबलांवरच्या आतल्या फोनांना, होती आणि त्यांत माझे होते. घरी जाताना चार अंकी कोड फिरवून ते कुलूपबंद करायचे. तेव्हाच्या त्या यंत्राला दिवा नव्हता, पण कुलूप लागले की रिसीव्हर उचलल्यावर टोन तुटक येत असे आणि लागले नसेल तर सलग येत असे. एवढे कानाने तपासायला तीन सेकंद लागत. त्या संध्याकाळी मी कोड फिरवला, रिसीव्हर ठेवला आणि बस सुटेल म्हणून पळाले. टोन ऐकला नाही. कुठलातरी एक अंक चुकला असणार.

महिनाअखेरीस बोर्डाच्या छपाईयंत्रातून नोंदींचा कागद निघाला. माझ्या एक्स्टेन्शनवरून रात्री पावणेनऊनंतर परगावी केलेले फोन त्यात ओळीने छापलेले होते. किल्ल्या रखवालदाराकडे असत, त्यामुळे संशय त्याच्यावर गेला आणि त्याच्या पगारातून तीन महिने पैसे कापले गेले. फोन त्यानेच केले की आणखी कोणी, हे कधीच सिद्ध झाले नाही. पण कुलूप लागल्याची खात्री मी करून घेतली नव्हती, हे मला ठाऊक होते, आणि चौकशीत साहेबांनी विचारले तेव्हा मी "लावले होते" असे म्हणाले. लावल्याचे मला आठवत होते, ही माझी त्या वेळची पळवाट. तो माणूस त्यानंतरही रोज सकाळी मला दार उघडून "नमस्कार ताई" म्हणत असे. त्याच्या डोळ्यांकडे मी वर्षभर पाहू शकले नाही. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत एकही संध्याकाळ मी टोन ऐकल्याशिवाय, आणि पुढे नवीन यंत्रे आल्यावर दिवा पाहिल्याशिवाय उठले नाही. बस चुकली तर चुकली.

म्हणून तू म्हणतेस की "एवढ्याशा गोष्टीसाठी कोण बघत बसणार", तेव्हा मला राग येतो. बघत बसायचे नाही, बेटा, एकदा बघायचे आहे.

ट्रान्सफरचेही तेच. तू ट्रान्सफर दाबून आतला नंबर फिरवतेस आणि लगेच रिसीव्हर ठेवून देतेस, मग फोन लागला की भलत्याच टेबलावर गेला, याचा तुला पत्ता नसतो. ट्रान्सफर दाब, नंबर फिरव, आतल्या माणसाने उचलेपर्यंत थांब, "अमुक गृहस्थ अमुक कामासाठी आहेत, देऊ का?" असे विचार, आणि मगच दुसऱ्यांदा ट्रान्सफर दाबून सोड. मधल्या वेळात बाहेरचा माणूस होल्डवर आहे ना, हे दिव्यावर पाहा. घाईत कॉन्फरन्सची कळ दाबली गेली तर तू त्याच्याविषयी जे सांगत असशील ते तोच ऐकत असेल.

फॉरवर्डिंग मला सगळ्यांत धोक्याचे वाटते, कारण ते गुपचूप चालू राहते. रजेवर जाताना आपला फोन मोबाइलवर वळवायचा आणि परत आल्यावर काढायला विसरायचे, ही रोजची गोष्ट आहे. पडद्यावर बाणाची खूण दिसत असते, पण पाहतो कोण? सफाई करणारी बाईसुद्धा ओल्या फडक्याने कळा पुसताना नकळत काहीही दाबून जाते. म्हणून सकाळी खुर्चीत बसल्याबरोबर पर्स ठेवण्याआधी पडद्यावर नजर टाक. आणि व्हॉइसमेलचा पिन आजच बदल. तो एक्स्टेन्शनचाच नंबर असेल किंवा 1234 असेल, तर बाहेरचा माणूस रात्री तुमच्या यंत्रणेत शिरून तुमच्याच लाइनवरून परदेशी फोन लावू शकतो, आणि बिल कंपनीच्या नावावर येते. जगभरातल्या कंपन्यांना या मार्गाने मोठमोठी बिले भरावी लागली आहेत. बँकेच्या स्वयंचलित आवाजाला कार्डाचा पिन टेबलावरच्या फोनवरून तर कधीच देऊ नकोस. कित्येक यंत्रांवर नंतर रीडायल दाबले की तेच अंक पडद्यावर पुन्हा उमटतात, आणि काही कार्यालयांच्या नोंदींतही ते उतरतात.

आता फोन करणाऱ्यांविषयी. पडद्यावर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो, त्यामुळे नंबरावरून माणूस ओळखू नकोस. कोणी "टेलिफोन खात्यातून लाइन तपासतो आहे, ट्रान्सफर दाबून अमुक अंक दाबा" असे म्हणाला तर रिसीव्हर ठेव. काही यंत्रणांत तेवढ्यावरून त्याला तुमची बाहेरची लाइन मिळते. साहेबांच्या, बँकेच्या किंवा पोलिसांच्या नावाने घाई करणाऱ्याला सांग की मी परत फोन करते, आणि नंबर त्याच्याकडून न घेता कार्यालयाच्या यादीतून काढ. फोनवर कोणाला अटक होत नाही. "डिजिटल अरेस्ट" नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर फिरव.

या बाबतीत मी एकदा बोलणी खाल्ली आहेत. एका सकाळी एका मंत्र्यांच्या कार्यालयातून बोलतो म्हणणाऱ्या गृहस्थांनी आमच्या साहेबांच्या घरचा नंबर मागितला. मी दिला नाही. "तुमचा निरोप मी आत्ता साहेबांना देते, ते तुम्हाला फोन करतील" एवढेच म्हटले. ते खरोखरच तिथून बोलत होते, आणि दुपारी सगळ्यांसमोर मला ऐकून घ्यावे लागले. मैत्रिणी म्हणाल्या, एवढा हट्ट कशाला? पण मी त्या दिवशी बरोबर होते आणि आजही तेच म्हणते. आवाजावरून माणूस खरा की खोटा हे मला कळत नव्हते, आणि जे कळत नाही त्यावर दुसऱ्याच्या घरचा नंबर द्यायचा नसतो. मी दिला असता आणि माणूस खोटा निघाला असता, तर तेच साहेब काय म्हणाले असते?

काही गोष्टी पटकन सांगते. मुंबई असो की हिंगणा, 2021 च्या 15 जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावे लागते. त्यातून तुमच्याकडे बाहेरची लाइन घ्यायला वेगळा अंक असेल, तर दोन्ही लागतात. 112 फिरवताना तो बाहेरच्या लाइनचा अंक लागतो का, हे प्रशासनाला आजच विचारून ठेव, आग लागल्यावर नाही. तुझा फोन नेटवर्कच्या केबलमधून वीज घेतो. जुन्या यंत्राला एक्स्चेंजमधल्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून वीज मिळत असल्याने दिवे गेले तरी ते चालायचे. तुझे मात्र मे महिन्यात वीज गेली आणि ती केबल जिथे जोडलेली असते तो नेटवर्कचा स्विच यूपीएसवर नसला की मुके होईल. अशा वेळी मोबाइल वापर, तिथे माझी काही हरकत नाही. 112 वर बोलताना पत्ता आणि मजला स्वतःच्या तोंडाने सांग, कारण फोनच्या नोंदीवर मुख्य कार्यालयाचा पत्ता असू शकतो. रोहिणीच्या आधी आपल्याकडे जे वळीव कडाडतात, त्या वेळी जुन्या तारेच्या फोनवर बोलणे टाळ, आणि सॉकेट उघडून तारांना हात लावू नकोस. घंटी वाजताना त्यांत 75 व्होल्टच्या पुढे दाब असतो. कूलरच्या तोंडासमोर फोन ठेवू नकोस, वाळ्याच्या ताट्यांचे तुषार कळांत जातात. आणि रिसीव्हर खांद्यावर दाबून लिहिण्याची सवय मोडून हेडसेट माग. माझी मान डावीकडे का वळत नाही, हे तू लहानपणापासून विचारत आली आहेस. तिचे कारण हेच आहे.

मोबाइलवर सगळे करण्याचा विचार मात्र सोड. कामाचे फोन तुझ्या खासगी नंबरावर आले तर रात्री अकरालाही येतील, आणि कोणी काय सांगितले याची नोंद कार्यालयात राहणार नाही. शिवाय म्यूटची कळ तिथेही एकच आहे, आणि ती कानाशी धरलेली असल्यामुळे दिसतही नाही. यंत्र बदलून तुझी सवय बदलणार नाही. नजर टाकायची सवय लाव, म्हणजे कुठलेही यंत्र चालेल. दिवा पाहा, मग बोल. त्या पुरवठादाराची माफी तू मागितलीस असे म्हणालीस. लेखी मागितली नसशील तर आज माग, आणि त्यात फोनला दोष देऊ नकोस.

उद्या कार्यालय भरण्याआधी वीस मिनिटे जा. आपल्या घरचा 0712 चा जुना नंबर अजून चालू आहे, त्यावर तुझ्या टेबलावरून फोन लाव. मी नऊपासून फोनजवळ बसते. तू एकेक कळ दाब, दिवा काय दाखवतो ते कागदावर लिही, आणि माझ्या बाजूला काय ऐकू येते ते मी तुला सांगते. म्यूटपासून सुरुवात करू. मग होल्ड, मग रिसीव्हरवरून स्पीकरवर आणि परत. काही यंत्रांत त्या अदलाबदलीत म्यूट उठते. तुझ्या यंत्रात काय होते, ते उद्याच कळेल.

तुझी,
काकू