तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : जॅझ बँडमध्ये सिन्थ

प्रश्न : आमचा पाच जणांचा जॅझ बँड आहे, टेनर सॅक्स, ट्रम्पेट, डबल बास, ड्रम्स आणि कीजवर मी. आतापर्यंत पियानोच वाजवला, आता सिन्थ (सिंथेसायझर) घेतलाय. एकट्याने वाजवताना साउंड भारी वाटतो पण बँडबरोबर बसलो की सगळा चिखल होतो, आणि सॅक्सवाला म्हणतो मला माझंच ऐकू येत नाही. व्हॉल्यूम कमी केला तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर : व्हॉल्यूम कमी करून फरक पडला नाही ना, मग दुखणं दुसरीकडे आहे. पियानोची नोट वाजली की त्या क्षणापासून विरायला लागते, आणि ती विरते त्या फटीतून सॅक्स ऐकू येतो. सिन्थचा पॅड, म्हणजे लांब टिकणारा पसरट साउंड, मात्र बोट उचलेपर्यंत जागचा हलत नाही. तुम्ही बहुतेक पियानोवरचीच व्हॉइसिंग्ज (कॉर्डमधल्या नोटांची मांडणी), दोन्ही हातांनी, तशीच पॅडवर वाजवताय, म्हणजे जिथे आधी फटी होत्या तिथे आता भिंत आहे. त्यात सिन्थमधले तयार साउंड, म्हणजे प्रीसेट, एकट्याने वाजवल्यावर मोठे वाटावेत असेच बनवलेले असतात, कोरस, रिव्हर्ब असे इफेक्ट, खाली एक जाडा ऑक्टेव्ह, सगळं ठासून भरलेलं. हे सगळं आधी बंद करा आणि कोरडा साउंड घेऊन रिहर्सलला जा.

दुसरं, डावा हात. डबल बासची सगळ्यात खालची तार साधारण 41 हर्ट्झला वाजते, तो सगळा मजला बासवाल्याचा आहे, तिथे तुम्ही रूट (कॉर्डचा मूळ सूर) धरून बसलात तर त्याची नोट नक्की कुठे सुरू झाली तेच कळत नाही. मी सिन्थ नवीन घेतला तेव्हा एका बॅलडच्या रिहर्सलमध्ये आमच्या बासवाल्याने काही न बोलता माझा डावा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि परत वाजवायला सुरुवात केली, आणि खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्या बोटांचा आवाज ऐकू आला.

आता प्रत्यक्ष करून बघा. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, ही रोजची चाल घ्या. पहिल्या कॉर्डला फक्त एफ आणि सी, दोनच नोटा. दुसऱ्या कॉर्डला एफ तसाच ठेवा आणि सी अर्धा सूर खाली बी वर आणा. तिसऱ्याला बी तसाच, एफ अर्धा सूर खाली ई वर. झालं, अख्खी हार्मनी कळते आणि हात जेमतेम हलतो. पियानोवर हे जरा उघडंबोडकं वाटतं पण सिन्थवर नोट टिकते त्यामुळे ती अर्ध्या सुराची सरक फार सुंदर ऐकू येते, मला तर सिन्थचं जॅझमधलं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं. फिल्टर बराच बंद ठेवा म्हणजे वरचा चमकदार भाग सॅक्स-ट्रम्पेटला मोकळा राहील, आणि सोलोवाला श्वास घेतो तेव्हा थोडा उघडा, तो परत सुरू झाला की मिटवा.

आणि सिन्थला कायम कॉर्डच्याच कामाला जुंपू नका हो! 1970 साली आलेला मिनीमूग हा सिन्थ एका वेळी एकच नोट वाजवायचा आणि कीवर बोट हळू पडलं काय नि जोरात पडलं काय, आवाज तेवढाच, त्यामुळे सगळा भाव व्हील (कीजशेजारचं चाक) आणि फिल्टरमधून काढावा लागायचा. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये यान हॅमरचं पिच व्हील ऐका, गिटारवाला तार ओढतो तशी नोट ओढतो तो. हर्बी हॅनकॉकच्या 1973 च्या ‘हेड हंटर्स’ अल्बममध्ये ‘कॅमेलियन’ची बास लाइन एआरपी ओडिसीवर आहे, तिथे सिन्थने ठरवून एकच काम घेतलंय. तुमच्या अरेंजमेंटमध्ये तिसरं हॉर्न म्हणून एक लाइन लिहून बघा, पण आधी ती गाऊन बघा, जिथे तुमचा श्वास संपतो तिथे सिन्थलाही विराम लिहा.

प्रश्न : मला सिक्वेन्सरवर (भरलेल्या नोटा आपोआप वाजवणारं मशीन) एक पॅटर्न लूप करून त्यावर बँड वाजवायचाय. पण तो लागला की ड्रमरचा स्विंग पार मरतो. स्विंगची सेटिंग 66 टक्के ठेवून पण बघितली.

उत्तर : 66 टक्के म्हणजे ट्रिपलेटचा स्विंग, आठव्या नोटांची प्रत्येक जोडी लांब-आखूड, दोनास एक. पण माणूस असा एका मापात वाजवत नाही, टेम्पो वाढला की स्विंग आपोआप सपाट करत जातो, शिवाय सोलो तापला की अजून बदलतो. मशीन तिथेच अडून बसतं आणि दोघांची आठव्या नोटांवर मारामारी होते. म्हणून मशीनला आठव्या नोटा देऊच नका, तो प्रांत ड्रमरच्या राइड सिम्बलचा. त्याला लांब नोटा द्या, किंवा फक्त क्वार्टर, किंवा तीन बीटचं एक वळण जे चारच्या तालावर सरकत राहील. आणि इंट्रोला आणि व्हॅम्पला (एकच तुकडा परत परत वाजतो तिथे) मशीन चालू, सोलोला बंद. सोलोमध्ये टेम्पो थोडा पुढेमागे होणारच, तो होऊ द्या, परत आणायच्या आधीच्या चार बारमध्ये ड्रमरकडे बघत टॅप टेम्पोचं बटण तालात मारा आणि नव्या वेगावर पहिल्या बीटला हाताने स्टार्ट करा. रिहर्सलला तेवढंच वीस वेळा करा, बाकी ट्यून वाजवूच नका.

प्रश्न : माझा अॅनालॉग सिन्थ साउंडचेकला सुरात असतो, कार्यक्रमात पियानोशी जुळत नाही.

उत्तर : अॅनालॉग ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतो. अर्धा तास आधी चालू करा, साउंडचेकनंतर बंद करू नका, स्टेजचे लाइट लागल्यावर परत एकदा ट्यून करा, आणि ट्यूनरपेक्षा त्या पियानोच्याच ए शी जुळवा, कारण पियानोचा ए 440 हर्ट्झवरच असेल याची खात्री नसते.