अल्जिनेटचं हायड्रोजेल पहिल्यांदा करताना
हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा पदार्थ. सुरुवात सोडियम अल्जिनेटनेच करा. ते समुद्री शेवाळातून मिळतं आणि तापवावं लागत नाही. १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात २ ग्रॅम पुरे. पाणी जोरात ढवळत असतानाच भुकटी थोडीथोडी भुरभुरा. एकदम ओतलीत तर गाठी होतात, बाहेरून चिकट, आत कोरडी पूड, आणि त्या लवकर फुटत नाहीत. नळाचं पाणी नकोच, त्यातल्या कॅल्शियममुळे द्रावण आधीच जेलीसारखं धरू लागतं. बुडबुडे जायला रात्रभर झाकून ठेवा.

मग २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात या अल्जिनेटचे थेंब सोडा, कॅल्शियममुळे प्रत्येक थेंबाचा मणी होतो. साल लगेच धरते, गाभा मात्र मऊच असतो, म्हणून १५-२० मिनिटं हात लावू नका. तयार मणी फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या फॉस्फेटच्या द्रावणात) अजिबात ठेवू नका: फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, मणी फुगतात आणि विरघळतात.