कोपऱ्यात की कोपऱ्यावर?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मी लेकीकडे न्यूयॉर्कला गेलो होतो. एका संध्याकाळी तिने फोन करून सांगितले, ‘बाबा, थर्टीफोर्थ स्ट्रीट आणि एट्थ ॲव्हेन्यूच्या कॉर्नरवर थांबा, मी पोचतेच आहे.’ मी तिथे जाऊन वीस मिनिटे उभा राहिलो आणि तीही तेवढाच वेळ त्याच चौकात, पण रस्त्याच्या पलीकडे उभी होती. शाळेत आम्ही ‘इन द कॉर्नर’ असे शिकलो; तिकडे मात्र ‘ऑन द कॉर्नर’, ‘ॲट द कॉर्नर’, ‘अराउंड द कॉर्नर’ असे सगळेच कानावर पडत होते. यांत नेमका फरक काय? आणि आमची चुकामूक कशाने झाली?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला हात कोपरात वाकवून पाहा. आतल्या बाजूला एक खोलगट घडी पडते आणि बाहेरच्या बाजूला हाडाचे टोक वर येते. जागा एकच, पण आतून पाहिली तर ती घडी आहे आणि बाहेरून पाहिली तर ते टोक आहे. खोलीचा कोपरा आपण नेहमी आतून पाहतो आणि रस्त्यावरच्या इमारतीचा कोपरा बाहेरून. इंग्रजीत या दोन्हींना ‘कॉर्नर’ असा एकच शब्द असल्यामुळे आपण आत आहोत की बाहेर, हे सांगण्याचे काम त्याच्या आधी येणाऱ्या ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ या छोट्या शब्दांवर पडते.

खुर्ची खोलीच्या कोपऱ्यात असते, म्हणजे दोन भिंतींनी तिला कवेत घेतलेले असते; म्हणून तिथे ‘इन’. पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तारीख लिहिली, तरी तिथेही ‘इन’च, कारण पानाच्या कडा तिला दोन बाजूंनी वेढतात. औषधाचे दुकान मात्र दोन रस्ते मिळतात त्या टोकावर उभे असते. त्याला कोणी कवेत घेतलेले नसते, उलट तेच बाहेर आलेले असते. म्हणून तिथे ‘ऑन’. ‘ॲट’ मध्ये आत-बाहेर असा विचारच नसतो. तो कोपऱ्याला नकाशावरचा एक बिंदू मानतो: गाडी कोपऱ्याशी थांबली, कोपऱ्याशी डावीकडे वळा. दुकानासाठी ‘ऑन’ आणि ‘ॲट’ दोन्ही चालतात. पण तेच दुकान ‘इन द कॉर्नर’ आहे असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखाद्या मोठ्या आवाराच्या किंवा बाजाराच्या आतल्या कोपऱ्यात दडलेले दुकान येते.

हा भेद आपल्याला परका नाही. ‘झाडू कोपऱ्यात ठेव’, ‘कोपऱ्यावरच्या वाण्याकडून साखर आण’ आणि ‘रिक्षा कोपऱ्याशी उभी आहे’ ही तीन वाक्ये मराठी माणूस क्षणभरही न अडखळता बोलतो. ‘-त’, ‘-वर’ आणि ‘-शी’ यांनी जे काम मराठीत होते, तेच इथे ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ करतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की शाळेत हे तीन शब्द पाठ करून घेण्याऐवजी ही तीन मराठी वाक्ये आधी फळ्यावर लिहिली असती, तर आपल्यासारख्या पुष्कळांचा गोंधळ तिथेच मिटला असता. स्पॅनिशने तर आत आणि बाहेर यांसाठी शब्दच वेगळे ठेवले आहेत: खोलीचा कोपरा तो ‘रिंकोन’ आणि रस्त्याचा कोपरा ती ‘एस्किना’. इंग्रजीचा ‘कॉर्नर’ फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ शिंग या अर्थाच्या ‘कोर्नू’ या लॅटिन शब्दात आहे. शिंग म्हणजे बाहेर आलेले टोक. आपल्या ‘कोपरा’ या शब्दाकडे पाहिले, की त्याच्या शेजारी संस्कृत ‘कूर्पर’पासून आलेले ‘कोपर’ आठवल्यावाचून राहत नाही. माणसाने आणि जनावराने अंगावर वागवलेली ही टोके भाषेने घरांना आणि रस्त्यांना दिली, हे मला फार सुंदर वाटते.

आता आपल्या चुकामुकीकडे येतो. मॅनहॅटनच्या मोठ्या भागातील रस्ते 1811 च्या आराखड्यानुसार आखलेले आहेत: लांबीच्या दिशेने जाणारे ते ॲव्हेन्यू आणि त्यांना काटकोनात छेदणारे, क्रमांकाने ओळखले जाणारे ते स्ट्रीट. त्यामुळे दोन रस्त्यांची नावे जोडून घेतली, की शहरातला नेमका एक छेद ठरतो आणि पत्ता पुरा झाला असे तिथल्या माणसाला वाटते. आपण मात्र ‘चौकात भेटू’ असे म्हणतो. चौक म्हणजे मधली सगळी मोकळी जागा, चारही बाजू धरून; आणि तिथे नेमके कुठे, हे आपण एखादे देऊळ, पुतळा किंवा उसाच्या रसाचे गुऱ्हाळ सांगून ठरवतो. लेकीचे ‘कॉर्नर’ आपण मनात ‘चौक’ असे ऐकलेत, आणि घाईत तिनेही पुढचा अर्धा भाग सांगितला नाही. कॉर्नर म्हणजे चौक नव्हे, तर चौकाच्या चार टोकांपैकी एक टोक होय, आणि प्रत्येक छेदाला अशी चार टोके असतात. म्हणूनच न्यूयॉर्ककर नेमके बोलायचे असेल तेव्हा ‘वायव्य कोपरा’, ‘आग्नेय कोपरा’ असे दिशेसह सांगतात, आणि तिथल्या भुयारी रेल्वेतून बाहेर पडण्याच्या वाटांवरच्या पाट्यांवरही कोपऱ्याची दिशा लिहिलेली असते. मॅनहॅटनची ही जाळी खऱ्या उत्तरेपासून सुमारे 29 अंशांनी कललेली आहे, तरीही ॲव्हेन्यू ज्या बाजूला वर जातात तिलाच सगळे उत्तर मानतात. त्यामुळे होकायंत्र घेऊन उभे राहू नये. आपण ज्या छेदावर थांबला होता, तिथे वायव्य कोपऱ्यावर न्यूयॉर्कर हॉटेलची उंच इमारत आहे. लेकीने तेवढे सांगितले असते, तरी पुरे होते.

लंडनमध्ये ही पद्धत क्वचितच उपयोगी पडते, कारण तिथले रस्ते जुन्या वाटांवरून वाढत गेलेले आणि वाकडेतिकडे आहेत. तिथे कॉर्नर हे कित्येकदा ठिकाणाचे नावच होऊन बसते. हाइड पार्क कॉर्नर हा उद्यानाच्या आग्नेय टोकाला असलेला रहदारीचा मोठा चौक आहे, तर भाषणांसाठी प्रसिद्ध असलेला स्पीकर्स कॉर्नर त्याच उद्यानाच्या ईशान्य टोकाला, मार्बल आर्चजवळ आहे. पहिल्या ठिकाणी जायचे असून दुसऱ्या ठिकाणी उतरलात, तर उद्यानाची अख्खी पूर्वेकडची बाजू चालावी लागेल.

‘अराउंड द कॉर्नर’ या प्रयोगात कोपऱ्यावर काहीच नसते. जे ठिकाण सांगायचे ते कोपरा वळल्यावर, पलीकडच्या रस्त्यावर असते: इथून दिसत नाही, पण चार पावलांवर आहे. ब्रिटनमध्ये बहुधा ‘राउंड द कॉर्नर’ असे म्हणतात. ‘दिसत नसले तरी जवळ’ हा अर्थ पुढे काळालाही लागू झाला. दिवाळी ‘अराउंड द कॉर्नर’ आहे, असे इंग्रजीत कोणी म्हणाले, तर त्याचे मराठी ‘दिवाळी तोंडावर आली’ हेच आहे. तिथे कोपऱ्याला ओढून आणण्याचे कारण नाही.

अमेरिकेत आणखी एक शब्द आपल्या कानावर पडेल, तो म्हणजे ‘किटीकॉर्नर’ किंवा ‘कॅटीकॉर्नर’. त्याचा मांजराशी काहीही संबंध नाही. चार या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आलेल्या ‘केटर’चे ते बदललेले रूप आहे. चौकात आपल्या तिरक्या समोरचा, म्हणजे दोन रस्ते ओलांडल्यावर येणारा कोपरा, असा त्याचा अर्थ आहे. आपण आणि आपली लेक एकमेकांच्या अशाच तिरक्या समोर उभे असाल, तर मधल्या गर्दीतून दिसला नाहीत यात नवल नाही.