आधी रेशनबुक हातात घे

प्रश्न : आदरणीय बाई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजची एकांकिका बसते आहे. काळ १९४३, जागा अमेरिकेतलं एक लहान शहर. मी रूथ नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीची भूमिका करते. तिचा भाऊ युद्धावर गेलाय आणि ती विमानांच्या कारखान्यात कामाला जाते. आमचे दिग्दर्शक म्हणतात, डोक्याला लाल रुमाल, बाही वर, दंड दाखवायचा, झालं काम. पण ती दिवसभर काय करत असेल, काय खात असेल, कशाला घाबरत असेल? संवाद पाठ आहेत, हातांचं काय करू ते कळत नाही.
— सायली, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : सायली, हातांची काळजी तुला पडली याचा मला फार आनंद झाला. आधी त्या रुमालाचं सांगते. दंड दाखवणारी ती बाई एका पोस्टरवरची, जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराने काढलेली. वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यांत ते पोस्टर १९४३च्या फेब्रुवारीत दोनेक आठवडे लागलं आणि उतरलं. जगाला ते माहीत झालं १९८०नंतर. तुझ्या रूथने ते बहुधा पाहिलेलंच नाही, तेव्हा दंडाचा हट्ट दिग्दर्शकांनी सोडावा. रुमाल मात्र खरा. मोकळे केस यंत्रात अडकायचे. वेरोनिका लेक या नटीची एका डोळ्यावर येणारी बट तेव्हा पोरींमध्ये फार चालायची. सरकारने सांगितलं म्हणून तिने केस वर बांधले. तू रुमाल बांधताना ती बट आत खोचायला वेळ घे.

आता हातात रेशनबुक घे. आपल्याकडे अजून ‘कंट्रोलचं दुकान’ म्हणतात ना, तो शब्द त्याच युद्धाच्या काळातला. माझी आई तेव्हा सतरा वर्षांची, नागपुरात महाल भागात राहायची. साखर, रॉकेल, कापड, सगळ्यालाच कंट्रोल. पुढे म्हातारपणीसुद्धा ती साखरेचा डबा कानाशी हलवून किती उरली ते सांगायची. रूथच्या घरीही असंच मोजून-मापून चालायचं, फक्त हिशेब निराळा होता.

तिथे नुसते पैसे देऊन भागत नव्हतं, वर रेशनबुकातल्या तिकिटांचे पॉइंट द्यावे लागत. मटण, चीज, लोणी, तेल-तूप यांना लाल पॉइंट. डबाबंद भाज्या-फळांना निळे. माणशी महिन्याला ४८ निळे आणि ६४ लाल, तान्ह्या मुलालाही तेवढेच. कोणत्या वस्तूला किती पॉइंट पडतात ते बदलत राहायचं, त्याचा तक्ता वर्तमानपत्रात यायचा. साखर आठवड्याला माणशी अर्धा पौंड, म्हणजे आपला पावशेर. कॉफी पाच आठवड्यांना एक पौंड, तीही पंधरा वर्षांवरच्यांनाच. फेब्रुवारीपासून जोड्यांनाही रेशन लागलं. पेट्रोल साध्या गाडीला आठवड्याला तीन-चार गॅलन. ते खरं तर टायर वाचवायला, कारण रबर जिथून यायचं तो मलाया देश जपानने घेतला होता. आणि हे नीट लक्षात ठेव : रेशनचं तिकीट दुकानदारासमोरच फाडायचं. घरून सुटी तिकिटं नेली तर चालायची नाहीत. म्हणजे दुकानाच्या प्रसंगात पुस्तक बंद घेऊन ये, काउंटरवर उघड, पान बोटाने दाबून धर आणि तिकीट जपून फाड, शेजारचं फाटू नये म्हणून. मागे रांग उभी आहे.

स्वयंपाकघरात तुला याहून चांगलं काम आहे. लोण्याला पॉइंट फार जायचे, म्हणून मार्गरीन आणायचे. ते मिळायचं पांढरं, अगदी आपल्या डालड्यासारखं, कारण पिवळ्या मार्गरीनवर भारी कर होता. सोबत रंगाची छोटी पुडी. घरच्या मुलीने ते भांड्यात घेऊन, रंग घालून, कणीक तिंबावी तसं मळत बसायचं. रंग लवकर सारखा होत नाही, मध्ये मध्ये पिवळ्या रेघा राहतात. मी डालडा आणि खायचा रंग घेऊन करून पाहिलं. मनगट भरून येतं. मिनिटभर नुसतं हेच कर, बोलू नकोस. शेगडीशेजारी एक पत्र्याचा डबा ठेव. तळून उरलेली चरबी त्यात गाळून साठवायची आणि खाटकाकडे नेऊन द्यायची. तिच्यातून ग्लिसरीन निघे, ग्लिसरीनपासून स्फोटकं होत.

पण तिला उपाशी दाखवू नकोस, एवढं माझं ऐक. त्याच १९४३मध्ये आपल्या बंगालात लाखो माणसं भुकेने मेली. रूथच्या घरी अडचण होती, उपासमार नव्हती. उलट आधीच्या दहा वर्षांच्या मंदीनंतर तिच्या घरात पहिल्यांदा भरपूर पगार येत होता, आणि तो त्या पोट्टीच्या स्वतःच्या हातात पडत होता. १८ डॉलर ७५ सेंटचा वॉर बाँड, म्हणजे युद्धाच्या खर्चासाठी सरकारने काढलेला रोखा, घेतला की दहा वर्षांनी २५ डॉलर मिळायचे. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची असेल. पाकीट उघडताना तिचा चेहरा कसा होतो ते तू शोधून काढ.

कारखान्यात रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मारायचं काम जोडीने चालायचं. एक बाहेरून रिव्हेट ठोकायचं बंदुकीसारखं यंत्र चालवणार, दुसरी पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणार. मैत्रिणी एकमेकींना दिसत नसत, आवाजात ऐकूही येत नसे, म्हणून पत्र्यावर टकटक करून खूण द्यायची. पोरींच्या लांब मोज्यांचं नायलॉन पॅराशूटला गेलेलं, तेव्हा नाचाला जाताना धाकटी बहीण भुवयांच्या पेन्सिलीने पोटरीवर मोज्याची शिवण काढून देणार. हलायचं नाही, हसायचं नाही!

एक गोष्ट कॅलिफोर्नियाची. एकांकिका तिथली असेल, तर रूथच्या वर्गातली जपानी वंशाची मैत्रीण १९४२मध्येच घरच्यांसह कैदेच्या छावणीत नेलेली असेल. अशी सुमारे १ लाख २० हजार माणसं नेली, बहुतेक जन्माने अमेरिकन. मला हे तुमच्या एकांकिकेत एका वाक्यात तरी यायला हवं वाटतं.

भीतीचं विचारलंस. भावाचं पत्र यायचं ते फोटो काढून लहान केलेलं, जेमतेम तळहाताएवढं. त्याला व्ही-मेल म्हणत. सैन्यात गेलेल्या प्रत्येक माणसासाठी घराच्या खिडकीत एक निळा तारा लावलेला असायचा. तो मुलगा मारला गेला, की निळ्यावर सोनेरी तारा शिवायचा. बातमी तारेने यायची, आणि तार घेऊन यायचा बरेचदा सायकलवरचा पोरगा. तेव्हा मार्गरीन मळत असताना विंगेतून सायकलची घंटी वाजवायला सांग. हात तसेच भांड्यात थांबू देत. सायकल पुढे निघून गेली तरी लगेच मळायला लागू नकोस. ती कुणाच्या दारात थांबते ते आधी बघ.